हॅस्केल अडलं की आधी दोन प्रश्न विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पायथनमध्ये बराच काळ काम करून तुम्ही हॅस्केल या फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेकडे वळलात. सरावासाठी एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतलाय. मोठी लॉग फाइल वाचायची, कुठल्या पत्त्यावर किती विनंत्या आल्या ते मोजायचं आणि उत्तर द्यायला लागलेल्या वेळेची सरासरी काढायची. सरासरीची ओळ कंपाइल होत नाही. मोजणी मेमरी खात सुटते. फाइल बंद असल्याचा एरर मध्येच कुठून तरी उगवतो. वाकड्या नोंदी पकडायला लावलेला ‘ट्राय’ काहीच पकडत नाही. रोज नवीनच काहीतरी निघतं, याला काही सूत्र आहे का, असं तुम्ही विचारलंय.

सूत्र आहे. हॅस्केलमधल्या रोजच्या कटकटींपैकी बहुतेक दोन प्रश्नांत मोडतात. या जागी कंपायलरला कुठला टाइप दिसतोय? आणि या राशीची किंमत नेमकी कधी काढली जातेय? पायथनमध्ये दुसरा प्रश्न क्वचितच पडतो, कारण ओळ आली की ती चालते आणि किंमत तिथल्या तिथे निघते. म्हणून तिकडून आलेला माणूस टाइपांशी झगडून एकदाचा जिंकतो, कोड कंपाइल झाला म्हणून सुटकेचा श्वास टाकतो आणि मग दुसऱ्या प्रश्नात फसतो. तुमच्या चार तक्रारींपैकी एकच टाइपची आहे, उरलेल्या तिन्ही ‘कधी’च्या आहेत.

टाइपची आधी उरकून टाकू. तुमची ओळ अशी:

सरासरी = सम वेळा / लेंग्थ वेळा

‘वेळा’ ही इंटची लिस्ट आहे, मिलिसेकंदांची. एरर म्हणतो, ‘नो इन्स्टन्स फॉर फ्रॅक्शनल इंट’. भागाकाराचं हे चिन्ह फक्त अपूर्णांक चालणाऱ्या टाइपांसाठी आहे आणि इंट त्यांत बसत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. पायथनमध्ये इंटचा भागाकार परस्पर दशांशात जातो. हॅस्केल आकड्याचा टाइप आपणहून कधीच बदलत नाही, तुम्ही सांगावं लागतं:

सरासरी = फ्रॉमइंटिग्रल (सम वेळा) / फ्रॉमइंटिग्रल (लेंग्थ वेळा)

लिस्ट डबलची असती तर एरर वेगळा दिसला असता: ‘एक्स्पेक्टेड टाइप डबल, अॅक्चुअल टाइप इंट’. कारण ‘लेंग्थ’ नेहमी इंटच देतं. तेव्हा फक्त खालच्या बाजूला फ्रॉमइंटिग्रल लावलं की काम झालं. आणि लिस्ट रिकामी असेल तर ही ओळ कोसळत नाही, ‘नॅन’ (म्हणजे ‘हा आकडाच नाही’) देऊन मोकळी होते. ‘डिव्ह’, म्हणजे पूर्णांकी भागाकार, वापरलं असतं तर शून्याने भागल्याचा एरर तरी आला असता. रिकाम्या लिस्टचं काय करायचं ते आधीच ठरवा, नाहीतर तो नॅन पुढच्या सगळ्या गणितात पसरतो.

एक्स्पेक्टेड आणि अॅक्चुअल या शब्दांवर जरा थांबतो, कारण निम्मे एरर तिथेच सुटतात. एक्स्पेक्टेड म्हणजे आजूबाजूच्या कोडला इथे जे हवंय ते. अॅक्चुअल म्हणजे तुम्ही जे दिलंय ते. नवा माणूस संदेशाच्या शेपटात हरवतो. ‘इन द एक्स्प्रेशन’, ‘रेलेव्हंट बाइंडिंग्ज’ वगैरे दहा ओळी वाचत बसतो. पहिल्या दोन ओळी आणि कोडखालची ती खूण, एवढंच आधी वाचा. हे बघा:

पुटस्ट्रलाइन "एकूण: " ++ शो एकूण

यावर कंपायलर म्हणतो, हवी होती लिस्ट (स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची लिस्टच), मिळाला आयओ, म्हणजे छापण्या-वाचण्यासारख्या कृतीचा टाइप. खूण ‘पुटस्ट्रलाइन "एकूण: "’ एवढ्याच तुकड्याखाली असते. त्या खुणेतच उत्तर आहे. हॅस्केलमध्ये फंक्शनला आर्ग्युमेंट देणं हे कुठल्याही चिन्हापेक्षा घट्ट बांधलं जातं. म्हणून कंपायलरने आधी ‘पुटस्ट्रलाइन "एकूण: "’ हा गट केला आणि त्या आयओला उरलेली स्ट्रिंग जोडायला गेला. उजव्या बाजूला कंस घाला किंवा मधे डॉलरचं चिन्ह टाका. नवशिक्यांच्या कोडमधले निदान निम्मे ‘टाइप जुळत नाही’ एरर मुळात कंसांचेच असतात असं माझं निरीक्षण आहे. टाइपबद्दल विचार करण्याआधी, कंपायलरने कुठे कुठे कंस धरलेत ते मनातल्या मनात घालून बघा.

याच्याच भावकीतला दुसरा एरर म्हणजे ‘नो इन्स्टन्स फॉर शो’ आणि पुढे बाण असलेला टाइप. बाण दिसला की समजायचं, एखादं फंक्शन एका आर्ग्युमेंटने उपाशी आहे. अलीकडे हॅस्केलचा कंपायलर जीएचसी स्वतःच तशी शंका बोलून दाखवतो.

एरर भलत्याच ओळीवर आला तर काय करायचं? हॅस्केल टाइप स्वतः शोधून काढतो, त्यामुळे एका फंक्शनमधली चूक तीन फंक्शनं पुढे जाऊन फुटते. यावर एकच खात्रीचा उपाय मला माहीत आहे: वरच्या पातळीवरच्या प्रत्येक फंक्शनला टाइप सिग्नेचर, म्हणजे ते काय घेतं आणि काय देतं ती ओळ, स्वतः लिहायची. सिग्नेचर म्हणजे भिंत, चूक तिच्यापलीकडे जात नाही. मग ज्या भागाबद्दल शंका आहे तो काढून तिथे फक्त ‘_’ ठेवायचं. कंपायलर सांगतो, ‘इथे भोक आहे आणि त्याचा टाइप अमुक’. शिवाय हाताशी असलेल्यांपैकी त्या जागी काय बसेल त्याची यादीही देतो. ही सोय जीएचसीत ७.८ पासून आहे (यादी नंतरच्या आवृत्त्यांत आली) आणि कितीतरी लोक ती वापरतच नाहीत. जीएचसीआय या प्रॉम्प्टवर, जिथे कोड लगेच चालवून बघता येतो, ‘:टी’ लिहून तुकड्याचा टाइप विचारणं हा तिचाच धाकटा भाऊ. एखादं फंक्शन असेलच असं वाटतंय पण नाव आठवत नाही, अशा वेळी हूगल या हॅस्केलच्या शोधसाइटवर नुसता टाइप टाकून शोधा.

पार्स एररचं मात्र तंत्र वेगळं. ‘पॉसिब्ली इनकरेक्ट इंडेंटेशन’ असं दिसलं की दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळ तपासायची. कंस उघडा राहिलेला असतो, किंवा ‘लेट’च्या खालच्या ओळी एका रेषेत नसतात. फाइलमध्ये टॅब असतील तर ते काढून टाका. हॅस्केल टॅब आठ-आठ जागांवर धरतं, तुमचा एडिटर चारवर दाखवत असेल तर डोळ्यांना सरळ दिसणारा कोड कंपायलरला वाकडा दिसतो.

आता जे कंपाइल होतं आणि तरी चुकतं, त्यातलं थोडं. ‘केस’मध्ये आधी ठरवलेलं नाव वापरणं हा सगळ्यात फसवा प्रकार:

यशस्वी = २००

केस कोड ऑफ
  यशस्वी -> "ठीक"
  _ -> "बिघाड"

प्रत्येक कोडला उत्तर ‘ठीक’. पॅटर्नमधलं नाव तुलना करत नाही, ते नवं नाव बांधतं, आणि नव्या नावात काहीही मावतं. ओकॅमल या भाषेतही हाच खड्डा आहे. एलिक्सिर या भाषेने यासाठी टोपीचं चिन्ह, म्हणजे पिन ऑपरेटर, दिलाय. हॅस्केलमध्ये गार्ड, म्हणजे पॅटर्नपुढची अट, लावून ‘_ | कोड == यशस्वी’ असं लिहायचं. दुसरी फांदी कधीच गाठली जाणार नाही हा इशारा जीएचसी न मागता देतो आणि ‘-वॉल’ (जास्तीचे इशारे मागणारा पर्याय) लावलंत तर नाव झाकलं गेल्याचाही देतो. इशारे वाचा. या भाषेत ते कुरकुर म्हणून येत नाहीत, जवळजवळ प्रत्येकामागे खरा बग असतो.

टपलची लांबीही अशीच. ‘लेंग्थ (५, ७)’ हे १ देतं आणि ‘मॅक्सिमम (९, २)’ हे २ देतं. २०१५ च्या जीएचसी ७.१० पासून ही फंक्शनं फक्त लिस्टची राहिली नाहीत, ‘फोल्डेबल’, म्हणजे ज्यातले घटक एकेक करून जमा करता येतात अशा, कशावरही चालतात, आणि टपल हे दुसऱ्या घटकाचं एक घटकी भांडं मानलं जातं. तर्क बरोबर असला तरी रोजच्या कामात ते पायात येतं. एखादं फंक्शन आता लिस्टऐवजी टपल परत करू लागलं की जुना ‘लेंग्थ’ मुकाट कंपाइल होत राहतो.

आकड्यांत तीन गोष्टी माहीत असू द्या. इंट ६४ बिटी मशीनवर ६४ बिटांचा असतो आणि भरून वाहिला तर न सांगता ऋण बाजूला जातो. पायथनसारखा अमर्याद हवा तर इंटिजर. फ्रॉमइंटिग्रलही गप्प कापतं: ३०० ला ‘वर्ड-८’ या ८ बिटांच्या टाइपमध्ये घातलं की ४४ मिळतात. आणि ‘राउंड २.५’ चं उत्तर २ येतं, ‘राउंड ३.५’ चं ४. अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे जातो, तो बग नाही.

बस. आता मेमरी.

हॅस्केलचा आळस, म्हणजे कुणी मागेपर्यंत किंमत न काढण्याची सवय, अपघाताने आलेला नाही. १९८७ मध्ये पोर्टलंडच्या परिषदेत फंक्शनल भाषांवर काम करणारी मंडळी जमली तेव्हा आळशी आणि शुद्ध (साइड इफेक्ट नसलेल्या) अशा डझनाहून जास्त फंक्शनल भाषा एकमेकींशेजारी वाढत होत्या. त्यांच्याऐवजी एक समाईक भाषा करायची ठरली आणि तिचा पहिला अहवाल १९९० मध्ये आला. म्हणजे आळस हाच जन्माचा हेतू. त्याची किंमत आपण रोज मोजतो. नाव बांधलं की हिशेब होत नाही, ‘हा हिशेब बाकी आहे’ एवढी नोंद मेमरीत ठेवली जाते. तिला थंक म्हणतात. कुणी ती किंमत खरोखर मागितली की मगच गणित होतं. एक थंक म्हणजे काहीच नाही. एक कोटी थंक एकमेकांना लटकलेले असतील तर मशीन बसतं.

‘फोल्ड-एल’ने, म्हणजे लिस्टमधले घटक डावीकडून एकेक करून जमा करणाऱ्या फंक्शनने, बेरीज केली की नेमकं हे होतं: ((० + ५) + ७) + ३... अशी न सोडवलेली साखळी. उपाय सर्वांना ठाऊक आहे, ‘फोल्ड-एल-प्राइम’ (नावाच्या शेवटी ' ही खूण असलेला त्याचा जोडीदार) वापरा. जीएचसी ९.१० पासून ते प्रेल्यूडमध्येच, म्हणजे आपोआप आयात होणाऱ्या मॉड्यूलमध्ये, मिळतं, त्याआधी डेटा-लिस्टमधून आणावं लागे. तुम्हीही तेच वापरलंय, तरी मेमरी वाढतेच आहे. कारण तुम्ही बेरीज आणि संख्या एकाच फेरीत काढताय:

फोल्ड-एल-प्राइम (\(बेरीज, संख्या) वेळ -> (बेरीज + वेळ, संख्या + १)) (०, ०) वेळा

इथे जरा जवळून बघा. फोल्ड-एल-प्राइम प्रत्येक पायरीला जमा रकमेची किंमत काढायला लावतं हे खरं, पण किती खोलवर? फक्त सगळ्यात बाहेरच्या कवचापर्यंत. ‘हे टपल आहे’ एवढं कळलं की ते समाधानी. टपलच्या आत ‘बेरीज + वेळ’ हा थंक तसाच पडून राहतो. पुढच्या पायरीला त्यावर दुसरा थंक चढतो. दोन्ही कप्प्यांत दोन स्वतंत्र साखळ्या वाढत जातात आणि शेवटी तुम्ही सरासरी छापता तेव्हा त्या एकदम उलगडायला लागतात. कोड बरोबर, उत्तर बरोबर, मेमरी गेली.

उपाय म्हणजे दोन उद्गारचिन्हं:

\(!बेरीज, !संख्या) वेळ -> (बेरीज + वेळ, संख्या + १)

यांना बँग पॅटर्न म्हणतात. पायरी सुरू होताना मागच्या दोन्ही किमती काढूनच पुढे जायचं, असा त्यांचा अर्थ, त्यामुळे साखळी एका कडीपेक्षा लांब होत नाही. ‘जीएचसी २०२१’ या भाषासंचात ते आपोआप चालू असतात, जुन्या प्रकल्पात फाइलच्या डोक्यावर एक्स्टेंशन लिहावं लागतं. मला स्वतःला यापेक्षा दुसरा मार्ग आवडतो. टपल सोडून छोटा डेटा टाइप करायचा आणि त्याची फील्डं कडक (स्ट्रिक्ट, म्हणजे किंमत लगेच काढणारी) करायची: ‘डेटा जमा = जमा !इंट !इंट’. मग कुठेही, कुणीही तो बनवला तरी आत थंक उरत नाही. उद्गारचिन्ह विसरायची सोयच संपते. जमा होत जाणारी कुठलीही गोष्ट कडक फील्डांतच ठेवायची, हा नियम मी डोळे मिटून पाळतो.

‘-ओ’ (ऑप्टिमायझेशनचा पर्याय) लावून कंपाइल केलं की जीएचसी पुष्कळदा हे स्वतःच ओळखतो आणि थंक टाळतो. म्हणूनच ‘माझ्या मशीनवर तर नीट चालतं’ हा वाद होतो: एकाने जीएचसीआयमध्ये चालवलेलं असतं, दुसऱ्याने बिल्ड करून. पण कंपायलरच्या हुशारीवर विसंबू नका. मधे एखादं फंक्शन घातलंत की विश्लेषण चुकू शकतं आणि गळती परत येते, तीही कुठला इशारा न देता.

पत्त्यांच्या मोजणीत तुम्ही ‘डेटा-मॅप’मधलं ‘इन्सर्टविथ (+)’ वापरलंय. तिथेही हीच गोष्ट: प्रत्येक पत्त्यासमोर १ + १ + १ अशी साखळी साठत जाते. ‘डेटा-मॅप-स्ट्रिक्ट’ आयात करा, बाकी कोड जसाच्या तसा राहू द्या. एक बारकावा मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. आळशी मॅप आणि कडक मॅप हे दोन टाइप नाहीतच. टाइप एकच, फंक्शनांचे संच दोन. त्यामुळे कडक मॉड्यूल आणूनही त्यावर ‘एफमॅप’ (आतल्या प्रत्येक किमतीला फंक्शन लावणारं) चालवलंत तर आत पुन्हा थंक भरतात, कारण एफमॅप फंक्टर या टाइपक्लासमधून येतो आणि फंक्टरची व्याख्या दोघांसाठी समाईक आहे. मॉड्यूलमधलं त्याचं स्वतःचं ‘मॅप’ फंक्शन वापरा. बदलती स्थिती पुढे नेणाऱ्या स्टेट मोनाडमधल्या ‘मॉडिफाय’चं आणि ‘मॉडिफाय-आयओरेफ’चं दुखणं हेच, आणि प्राइम लावलेली जोडीदार फंक्शनं हे त्यांचं औषध. स्टेटचं मॉड्यूल ‘स्ट्रिक्ट’ नावाचं घेतलं म्हणून आतली किंमत कडक होते असं समजू नका. तिथे फक्त पायऱ्यांची जोडणी कडक असते.

फाइलचा एरर. तुम्ही ‘विथफाइल’च्या आत ‘एचगेटकंटेंट्स’ लिहून मजकूर परत केलाय. विथफाइल काम संपताच फाइल बंद करतं. पण एचगेटकंटेंट्सने अजून एक अक्षरही वाचलेलं नसतं, वाचायचं वचन फक्त दिलेलं असतं. मजकूर बाहेर आल्यावर कुणी तरी त्याची लांबी विचारतो आणि ‘डिलेड रीड ऑन क्लोज्ड हँडल’ येतो. एकच फाइल ‘रीडफाइल’ने वाचून लगेच ‘राइटफाइल’ने त्यावरच लिहायला गेलात तर ‘फाइल इज लॉक्ड’ येतो, कारणही तेच, वाचणं अजून संपलेलंच नसतं. आळशी आयओ शिकवण्यापुरता गोड आहे. खऱ्या प्रोग्रामात मी तो घेत नाही. फाइल मेमरीत मावत असेल तर स्ट्रिंगऐवजी टेक्स्ट पॅकेजचा कडक ‘रीडफाइल’ घ्या. तुमच्यासारखी मोठी असेल तर विथफाइलच्या आतच एक-एक ओळ वाचा, कडक ‘जमा’ पुढे नेत राहा आणि फाइल संपली की तेवढाच बाहेर काढा.

टेक्स्ट का, तेही आकड्यात बघा. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची जोडसाखळी. ६४ बिटी मशीनवर साखळीची प्रत्येक कडी २४ बाइटांची. साध्या इंग्रजी अक्षरांच्या प्रती जीएचसी वाटून वापरतो म्हणून तिथे २४ वरच भागतं. देवनागरी अक्षराला वर आणखी १६ लागतात, म्हणजे एकूण ४०. टेक्स्टच्या २.० आवृत्तीपासून आत यूटीएफ-८ आहे, तिथे तेच अक्षर ३ बाइटांत बसतं. १०० मेगाबाइटांची इंग्रजी लॉग फाइल स्ट्रिंगमध्ये पूर्ण धरून ठेवलीत तर २.४ गिगाबाइट होतात. तुमची गळती निम्मी इथेच असण्याची दाट शक्यता आहे.

देवनागरीचा विषय निघालाच आहे तर हेही. ‘प्रिंट "मराठी"’ लिहिलं की पडद्यावर \२३५०\२३५२\२३६६\२३३६\२३६८ असं काहीतरी येतं आणि लोक एन्कोडिंग शोधत बसतात. एन्कोडिंग ठीक असतं. ‘प्रिंट’ आधी ‘शो’ करतं, आणि ‘शो’ प्रत्येक बिगरइंग्रजी अक्षराचा युनिकोड क्रमांक लिहितं. पुटस्ट्रलाइन वापरा, मराठी दिसेल. खरी एन्कोडिंगची अडचण सर्व्हरवर किंवा कंटेनरमध्ये येते, जिथे लोकेल (भाषेची सेटिंग) ‘सी’ असतो आणि प्रोग्राम अक्षर लिहिता येत नाही म्हणून मरतो. सुरुवातीलाच आउटपुटचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करून टाका.

ट्राय काही पकडत नाही याचं कारण आता तुम्हाला दिसलंच असेल. ‘ट्राय (रिटर्न (रीड मजकूर))’ मध्ये रिटर्नने फक्त थंक गुंडाळून दिला. ट्रायच्या नजरेसमोर काहीच फुटलं नाही, म्हणून त्याने ‘सगळं ठीक’ म्हटलं. ‘नो पार्स’ फुटला तो नंतर, छापताना, ट्रायच्या कक्षेबाहेर. रिटर्नच्या जागी ‘इव्हॅल्युएट’ लिहिलं की किंमत तिथेच काढली जाते. पण तेही फक्त कवचापर्यंतच. लिस्ट दिलीत तर पहिल्या कडीवर थांबतं, आतला सडका आकडा नंतरच बाहेर येतो. पूर्ण खोलवर जायचं तर डीपसेक पॅकेजमधलं ‘फोर्स’ त्याला जोडावं लागतं.

हे सगळं सांगितलं, पण तुमच्या कामाला यातलं काहीच वापरू नका. लॉगमधली वाकडी ओळ ही अपेक्षित गोष्ट आहे, तिच्यासाठी एक्सेप्शन कशाला? ‘रीडमेबी’ घ्या. आकडा निघाला तर ‘जस्ट’, नाहीतर ‘नथिंग’. त्याहून बरं म्हणजे ‘आयदर’ परत करा आणि डाव्या बाजूला ओळीचा क्रमांक आणि मूळ मजकूर ठेवा. शेवटी चांगल्या ओळींची बेरीज आणि वाईट ओळींची यादी, दोन्ही हातात येतात. अशाच कारणासाठी लिस्टचा पहिला घटक देणारा आणि रिकाम्या लिस्टवर कोसळणारा ‘हेड’ टाळा. जीएचसी ९.८ पासून तो आणि ‘टेल’ वापरल्यावर इशारा येतो. काहींना तो जाचक वाटतो, मला तो खूप आधीच यायला हवा होता असं वाटतं.

शोध घेताना ‘डिबग-ट्रेस’ लावाल तेव्हा त्याचे संदेश भलत्या क्रमाने येतील, काही येणारच नाहीत. गोंधळू नका, ट्रेस त्या राशीची किंमत निघतानाच बोलतो. संदेश आला नाही याचा अर्थ ती किंमत कुणी मागितलीच नाही, आणि ती माहिती कधी कधी संदेशापेक्षा मोलाची असते. आणखी एक, वेगळ्याच घरातलं पण रोज भेटणारं: ‘नाव?’ असा प्रश्न पुटस्ट्रने छापला आणि बिल्ड केलेल्या प्रोग्रामात तो दिसतच नाही, जीएचसीआयमध्ये मात्र दिसतो. ते बफरिंग. टर्मिनलवर ओळ पूर्ण होईपर्यंत आउटपुट रोखून धरलं जातं. प्रश्नानंतर ‘एचफ्लश’ करा.

‘मेंबर ऑफ द हिडन पॅकेज’ असा एरर आला तर पॅकेज मशीनवर आहे, पण प्रकल्पाच्या कबाल फाइलच्या ‘बिल्ड-डिपेंड्स’मध्ये तुम्ही ते लिहिलेलं नाही. कोडला हात लावायची गरज नाही.

आता तुमच्या प्रोग्रामात हे बदल करा: कडक ‘जमा’, डेटा-मॅप-स्ट्रिक्ट, टेक्स्ट, ओळीगणिक वाचन, रीडमेबी. मग ‘-ओ’ आणि ‘-आरटीएसऑप्ट्स’ लावून बिल्ड करा आणि ‘+आरटीएस -एस’ देऊन चालवा. ‘मॅक्सिमम रेसिडेन्सी’ हा आकडा बघा, एका क्षणी जास्तीत जास्त किती जिवंत डेटा मेमरीत होता ते तो सांगतो. मग दुप्पट मोठी फाइल द्या. वेगळे पत्ते तेवढेच असतील तर आकडा जवळपास तिथेच राहायला हवा. तोही दुप्पट झाला तर कुठेतरी साखळी उरली आहे. ‘-एचटी’ देऊन पुन्हा चालवा, त्यासाठी वेगळं प्रोफाइलिंग बिल्ड लागत नाही. निघालेल्या आलेखात ‘थंक’ नावाचा पट्टा चढत गेलेला दिसला तर एखादं बँग राहिलंय. चढणारा पट्टा लिस्टच्या कड्यांचा असेल तर फाइलच्या ओळी कुणीतरी धरून ठेवल्यात. बहुधा सरासरी आणि मोजणी या दोन फेऱ्या तुम्ही एकाच लिस्टवर वेगवेगळ्या चालवताय, पहिली फेरी संपेपर्यंत दुसरीसाठी सगळी लिस्ट जिवंत ठेवावी लागतेय. त्या दोन्ही एकाच फोल्डमध्ये आणा, कडक फील्डांत.